व्हिक्टोरियाच्या तेनेब्रे रिस्पॉन्सरी: छोट्या क्वायरने कशा बसवाव्यात

तोमास लुइस दे व्हिक्टोरिया या स्पॅनिश संगीतकाराने १५८५ साली रोममध्ये पवित्र आठवड्याच्या, म्हणजे ईस्टरआधीच्या आठवड्याच्या, संगीताचा संग्रह छापला. तेनेब्रे (‘अंधार’) हा त्या आठवड्यातला मेणबत्त्या विझवत जाणारा विधी, आणि रिस्पॉन्सरी म्हणजे त्यातल्या वाचनानंतर गायची रचना: पूर्वार्ध, उत्तरार्ध, मग कडवे आणि पुन्हा उत्तरार्ध. संग्रहात अशा १८ आहेत, गुरुवार, शुक्रवार आणि शनिवार यांच्या सहा-सहा. पहिल्या वर्षी एकाच दिवसाच्या सहा घ्या. प्रत्येकीला साधारण तीन ते पाच मिनिटे लागतात.

आधी आवाज वाटून घ्या. सहाच्या दोन तिकड्या असतात. तिकडीतली पहिली आणि तिसरी रचना सोप्रानो, आल्टो, टेनर, बेस (सर्वांत उंच आवाजापासून सर्वांत खालच्यापर्यंत) अशी. मधलीत मात्र बेस नाही, सोप्रानो दोन. बारा जण असतील तर सोप्रानो चार ठेवा, म्हणजे मधल्या रचनेत दोन-दोन करता येतात. आल्टो आणि टेनर तीन-तीन, बेस दोन. मधला कडव्याचा भाग कमी आवाजांचा असतो. तो प्रत्येक आवाजाला एकेका गायकाकडे द्या. सगळ्यांनी गायला तर पुढे पूर्ण क्वायर परतते तेव्हा काहीच फरक जाणवत नाही.

खरी गोची पुनरावृत्तीत. शुक्रवारची शेवटची ‘कालिगावेरुन्त’ घ्या. ‘माझे डोळे रडून अंधुक झाले’ इथून सुरुवात, मग ‘सर्व लोकहो, पाहा’ आणि ‘माझ्या दुःखासारखे दुःख आहे का’. त्यानंतर कडवे: ‘वाटेने जाणाऱ्यांनो, लक्ष द्या आणि पाहा’. परतताना ‘सि एस्त दोलोर’पासून, म्हणजे ‘दुःख आहे का’पासूनच उचलायचे. सवयीने ‘विदेते’पासून, म्हणजे ‘पाहा’पासून, उचलले तर ‘पाहा’ लागोपाठ दोनदा येते आणि कडव्याशी जुळलेले वाक्य तुटते. शिवाय ही तिकडीतली तिसरी रचना, म्हणून शेवटी पूर्वार्धासकट सगळे पुन्हा म्हणायचे. पहिल्या-दुसऱ्या रचनेत तसे नसते. परतायची जागा प्रत्येकाच्या प्रतीत पेन्सिलीने मोठ्या बाणाने दाखवा. नुसते तोंडी सांगून भागत नाही.

लॅटिन उच्चार रोमन पद्धतीचे ठेवा. इथे मराठी जीभ फार कामाला येते: ‘प्रेत्सिउम’मधला ‘त्स’ म्हणजे आपल्या ‘चमचा’तला च, आणि ‘एच्चे’मधला च ‘चिमणी’तला. ‘येसुस’ म्हणा, ‘जीझस’ नको. त कायम दंत्य. इंग्रजीच्या सवयीने ट झाला तर अक्षर कोरडे आणि ठोकल्यासारखे ऐकू येते.

साथ नाहीच, कारण त्या दिवसांत ऑर्गन बंद असतो. त्यामुळे सूर उतरतो, आणि बहुधा लांब स्वरांवर, श्वास संपत आला की. आवाजातल्या आवाजात पाळीपाळीने श्वास घ्यायला लावा. तालमीत कडव्यानंतर थांबून ट्यूनिंग फोर्कवर सूर तपासा. अर्धा स्वर उतरला असेल तर कडवे ते गाणाऱ्यांकडूनच पुन्हा करून घ्या. चूक बहुतेक तिथेच सापडते. सोप्रानोंना ताण पडत असेल तर सबंध रचना एक स्वर खाली घ्यायला हरकत नाही, तेव्हा सुराची पट्टी आजच्यासारखी ठरलेली नव्हती.

विधीत गाणार असाल तर वाचता येईल एवढा उजेड जवळ ठेवा. त्रिकोणी स्टँडवरच्या १५ मेणबत्त्या एकेका स्तोत्रानंतर विझत जातात, आणि शेवटची विझवत नाहीत, वेदीमागे लपवून ठेवतात.