ठराव, उद्देशिका आणि माझी फजिती

राज्यघटना तुम्ही एकदा तरी वाचली असेल, असं धरून चालतो. जळगावच्या अभ्यासिकेत स्पर्धा परीक्षेच्या तयारीचं माझं हे तिसरं वर्ष, पद अजून मिळालेलं नाही. तेव्हा हे काही यशस्वी माणसाचं व्याख्यान नाही.

सराव परीक्षेत 'घटनाकारांची स्वातंत्र्य आणि लोकशाहीची कल्पना' असा प्रश्न आला. क्लासच्या नोट्समध्ये ओळ होती : 'उद्देशांचा ठराव म्हणजेच उद्देशिका'. (ठराव म्हणजे घटना लिहिणाऱ्या संविधान सभेनं आधीच ठरवलेली उद्दिष्टं, उद्देशिका म्हणजे घटनेची प्रस्तावना.) तेवढ्या भरवशावर मी दोन पानं रंगवली. दहापैकी दोन मार्क!

आता नीट बघा. नेहरूंनी ठराव मांडला १३ डिसेंबर १९४६ ला आणि संविधान सभेनं तो मंजूर केला २२ जानेवारी १९४७ ला. त्यात 'लोकशाही' हा शब्दच नाही. 'स्वतंत्र सार्वभौम गणराज्य' आहे. गणराज्यात लोकशाही आलीच, मग जादा शब्द कशाला, असं नेहरूंनी मांडतानाच सांगितलं होतं. उद्देशिकेत मात्र तो शब्द आला. बंधुताही ठरावात नाही, ती मसुदा समितीनं घातली. उलट स्वातंत्र्याची यादी ठरावात लांब : विचार, अभिव्यक्ती, विश्वास, श्रद्धा, उपासना आणि पुढे व्यवसाय, संघटन, कृती, तीही कायदा व सार्वजनिक नीतिमत्तेच्या अधीन राहून. उद्देशिकेत पहिली पाचच उरली. व्यवसाय आणि संघटन शोधायचं तर कलम १९ उघडा. कागद मधोमध दुमडा, एकीकडे ठराव, दुसरीकडे उद्देशिका हातानं उतरवा. चाळीस मिनिटांचं काम आहे. "एवढं कोण विचारतं भो?" असं रूमवरचा मित्र भरिताची वांगी भाजता भाजता म्हणाला होता. मला विचारलं ना!

वन-लायनर पीडीएफ जमवणाऱ्यांचं काही खरं नाही, हे माझं ठाम मत. बाकी घाबरू नका, संविधान सभेतली सगळी भाषणं वाचायची गरज नाही. बाबासाहेबांचं २५ नोव्हेंबर १९४९ चं भाषण मात्र पूर्ण वाचा. स्वातंत्र्य, समता, बंधुता एकमेकांपासून तोडता येत नाहीत, हे तिथं त्यांच्याच शब्दांत मिळेल. राजकारणातली भक्ती अखेर हुकूमशाहीकडे नेते, हा इशाराही त्यातलाच. सरांचा फोटो स्टेटसला ठेवणाऱ्यांनी तेवढा भाग दोनदा वाचावा.

आणि आपल्या खान्देशातलं एक. सावद्याला मावशीकडे जाताना फैजपूर लागतं. इतकी वर्षं मी एसटीच्या खिडकीतून तिथं केळीचे ट्रक मोजले. डिसेंबर १९३६ मध्ये काँग्रेसचं खेड्यातलं पहिलं अधिवेशन इथं भरलं, अध्यक्ष नेहरूच. प्रौढ मताधिकारानं निवडलेली संविधान सभा हवी, ही मागणी इथं पुन्हा लावून धरली गेली. प्रत्यक्षात १९४६ मध्ये ब्रिटिश प्रांतांतले सदस्य निवडले ते प्रांतिक विधानसभांच्या आमदारांनी, आणि त्या आमदारांना निवडणारा मतदार होता मर्यादित. हल्ली मी उत्तर इथूनच सुरू करतो. परवाच्या सराव परीक्षेत दहापैकी सहा आले.