वाचताना डोळे कसे हलतात, हे घरच्या घरी कसे पाहावे

वाचताना नजर ओळीवरून संथपणे सरकत जाते, असे आपल्याला वाटते. प्रत्यक्षात ती उड्या मारते आणि प्रत्येक उडीनंतर साधारण पाव सेकंद थांबते. पॅरिसचे नेत्रतज्ज्ञ एमिल जावाल यांच्या प्रयोगशाळेत हे १८७९ च्या सुमारास लक्षात आले. ते पाहण्याची एक साधी पद्धत अमेरिकन मानसशास्त्रज्ञ वॉल्टर माइल्स यांनी १९२८ साली मांडली आणि तिला आजही कागदापलीकडे काही लागत नाही.

वाचणाऱ्याने पूर्वी न वाचलेले, मोठ्या टायपाचे एक छापील पान पुठ्ठ्यावर चिकटवावे आणि मध्यभागी, दोन ओळींच्या मधोमध, पाच-सहा मिलिमीटरचे भोक पाडावे. खिडकी बाजूला येईल असे बसावे, म्हणजे पान आणि वाचणाऱ्याचा चेहरा या दोन्हींवर उजेड राहतो. वाचणाऱ्याने पान हातभर अंतरावर धरून मनातल्या मनात वाचावे; आपण मागून भोकाला डोळा लावावा.

दोन्ही डोळ्यांकडे पाहिले तर गोंधळ होतो. म्हणून एकच डोळा निवडून बुबुळ आणि पांढरा भाग यांच्या सीमेवर लक्ष ठेवावे. पहिल्या काही ओळी नुसत्या पाहाव्यात. बुबुळ टप्प्याटप्प्याने हिसके घेताना दिसते आणि ओळ संपली की एकदम लांब उलटी झेप घेते. मग दहा ओळींतले हिसके मोजावेत, मात्र ही लांब झेप त्यांत धरू नये. प्रत्येक ओळीत थांबे हिसक्यांपेक्षा एकाने जास्त असतात.

नजरेला थांबावे लागते, कारण दृष्टिपटलाच्या मध्याचा जेमतेम दोन अंशांचा भागच अक्षरे स्पष्ट टिपतो. उडी चालू असताना मेंदू दृष्टी जवळजवळ बंद ठेवतो. आरशात स्वतःच्या एका डोळ्याकडून दुसऱ्याकडे पाहिले, तर डोळे हलताना दिसतच नाहीत, शेजारी उभ्या असलेल्याला मात्र दिसतात.

इंग्रजी वाचकांची एक उडी साधारण सात ते नऊ अक्षरांची भरते. देवनागरीत काना, मात्रा, वेलांट्या आणि जोडाक्षरे असल्याने अक्षरे मोजण्याऐवजी शब्द मोजणे सोयीचे, असे मला वाटते.

शेवटी गोष्टीच्या पानाऐवजी एखादे सरकारी परिपत्रक लावून पाहावे. मजकूर अवघड झाला की थांबे वाढतात आणि ओळीच्या आतच मागे वळणाऱ्या छोट्या उड्याही वाढतात. मुलांवर प्रयोग करताना या उड्या पाहून त्यांचे वाचन कच्चे ठरवू नये. इंग्रजी वाचणाऱ्या सराईत प्रौढांच्याही शंभरांतल्या दहा-पंधरा उड्या मागेच जातात.