जुन्या डिस्कव्हरीला सेंटर डिफरन्शियल लॉक बसवताना या चुका टाळा

लँड रोव्हरची दुसऱ्या पिढीची डिस्कव्हरी 1998 साली बाजारात आली आणि 2004 पर्यंत इंग्लंडमधील सोलिहल येथे तयार होत होती. तिच्या आधीच्या पिढीत हाय-लोचा (जलद आणि संथ गिअरची श्रेणी निवडण्याचा) लीव्हर आडवा सरकवला की सेंटर डिफरन्शियल, म्हणजे पुढच्या आणि मागच्या अॅक्सलला वेगवेगळ्या वेगाने फिरू देणारी यंत्रणा, लॉक होत असे आणि दोन्ही अॅक्सल एकाच वेगाने फिरत. नव्या गाडीत कंपनीने इलेक्ट्रॉनिक ट्रॅक्शन कंट्रोलवर (घसरून फिरणाऱ्या चाकाला आपोआप ब्रेक लावणाऱ्या यंत्रणेवर) भिस्त ठेवली आणि हा जोड काढून टाकला. गंमत अशी की सुरुवातीच्या गाड्यांच्या एलटी 230 ट्रान्सफर केसमध्ये (गिअरबॉक्समधली ताकद पुढच्या-मागच्या अॅक्सलकडे पाठवणाऱ्या पेटीत) लॉकचे सगळे भाग तसेच राहिले. फक्त ते हलवायला चालकाच्या हाताशी काही उरले नाही. त्यामुळे ब्रिटन-अमेरिकेत ही जुनी गाडी बाळगणाऱ्यांमध्ये लॉक पुन्हा जोडून घेण्याचे काम बरेच रूढ झाले आहे. काम अवघड नाही, परंतु ते बिघडते तेव्हा बहुधा पुढे दिलेल्या कारणांनीच बिघडते.

पहिली चूक गाडी न ओळखण्याची आहे. महाराष्ट्रात जिप्सी, एमएम 540 किंवा जुनी थार चालवणारे अनेकजण आपल्या गाडीला सेंटर डिफ लॉक बसेल का, असे विचारतात. या गाड्या पार्ट-टाइम फोर व्हील ड्राइव्हच्या आहेत. त्यांच्या ट्रान्सफर केसमध्ये सेंटर डिफरन्शियलच नसते, आणि फोर व्हील टाकताक्षणी पुढचा व मागचा प्रोपेलर शाफ्ट (ट्रान्सफर केसपासून अॅक्सलपर्यंत ताकद नेणारे दांडे) एकमेकांना घट्ट जोडले जातात. म्हणजे इतरांना लॉक टाकून जे मिळते ते त्यांना आधीच मिळालेले असते. चिखलात या गाडीची दोन चाके फिरत राहतात ती अॅक्सलमधील, डाव्या-उजव्या चाकांना वेगवेगळे फिरू देणाऱ्या डिफरन्शियलमुळे, आणि त्यावरचा उपाय अॅक्सलच्या लॉकचा आहे. सेंटर लॉकचा प्रश्न फक्त फुल-टाइम (चारही चाकांना कायम ताकद देणाऱ्या) फोर व्हील ड्राइव्हच्या गाड्यांना लागू होतो.

दुसरी चूक मॉडेलचे वर्ष पाहून किट मागवण्याची. 2001 च्या सुमारास कंपनीने काही काळ ट्रान्सफर केसच्या आतले लॉकचे भागही गाळले, आणि 2004 च्या गाड्यांत लीव्हरसकट लॉक परत आला. मधल्या काळातील गाड्यांविषयी नोंदणीपुस्तकातील वर्षावर विसंबणे धोक्याचे आहे, कारण नोंदणी आणि निर्मिती यांत काही महिन्यांचे अंतर असू शकते आणि वीस-पंचवीस वर्षांत एखाद्या मालकाने ट्रान्सफर केस बदललेलीही असू शकते. म्हणून खाली वाकून प्रत्यक्ष पाहावे. केसच्या पुढच्या आउटपुट हाउसिंगच्या (पुढच्या शाफ्टकडे ताकद बाहेर पडते त्या बाजूच्या कवचाच्या) माथ्यावर, दोन बाजू सपाट केलेला बोटभर जाडीचा शाफ्टचा शेंडा वर आलेला दिसला, तर लॉक आत आहे असे समजावे. त्या सपाट बाजूंवर 10 नंबरचा पाना बसतो आणि त्याने लॉक हातानेही टाकता येतो. शेंडा दिसत नसेल तर नुसते लीव्हरचे किट घेऊन उपयोग नाही; लॉक असलेले पुढचे हाउसिंग किंवा पूर्ण केसच मिळवावी लागेल.

आता सर्वांत गंभीर चूक. हा शेंडा हलवण्यासाठी लोक हँडब्रेक ओढून, गिअर पार्कमध्ये ठेवून गाडीखाली शिरतात आणि गाडी जागची हलणार नाही असे गृहीत धरतात. या गाडीचा हँडब्रेक चाकांवर नसून ट्रान्सफर केसच्या मागच्या आउटपुटवरील ड्रमवर काम करतो, म्हणजे तो मागचा प्रोपेलर शाफ्ट अडवतो. मागचे एक चाक जॅकवर उचलले की अॅक्सलच्या डिफरन्शियलमुळे उचललेले चाक उलटे फिरू शकते आणि जमिनीवरचे दुसरे चाक मोकळे होते. पार्कचा खटका तर गिअरबॉक्समध्ये असतो. ट्रान्सफर केस न्यूट्रलमध्ये असेल तर त्या खटक्याचा चाकांशी संबंधच राहत नाही. या दोन गोष्टी एकत्र आल्या की हँडब्रेक आणि पार्क दोन्ही लावलेली गाडी उतारावरून सरकू शकते. सपाट जागा निवडावी, जमिनीवरच्या चाकांना मागून-पुढून लाकडी ठोकळ्यांची उटी लावावी, गाडी जॅकवर न ठेवता स्टँडवर घ्यावी, आणि एक्झॉस्ट थंड झाल्याशिवाय हात घालू नये. व्ही-8 इंजिनाचा एक्झॉस्ट किती वेळ तापलेला राहतो याचा अंदाज बहुतेकांचा चुकतो.

वीस वर्षे न हललेला शेंडा पहिल्याच प्रयत्नात फिरेल अशी अपेक्षा करू नये. लांब पाइप लावून जोर केला तर सपाट बाजू गोल होतात किंवा शाफ्ट वाकतो. गंज सोडवणारे तेल फवारून रात्रभर राहू द्यावे, आणि दुसऱ्या दिवशी थोडे पुढे, थोडे मागे असे हळूहळू हलवावे. मोकळा झाल्यावर शाफ्टभोवतीच्या ओ-रिंगमधून तेल पाझरू लागणे नेहमीचे आहे, कारण रबर इतकी वर्षे एकाच जागी चिकटून वाळलेले असते. ती रिंग याच वेळी बदलून टाकावी. लीव्हर बसवून झाल्यावर तिथे हात पोहोचवणे फार त्रासाचे होते.

ज्यांना पुढचे हाउसिंगच बदलावे लागते, त्यांच्या हातून एक चूक सर्रास होते. जुने खोलायचे, दुसऱ्या केसमधले बसवायचे, सीलंट लावून बोल्ट आवळायचे, इतकेच काम समजून ते मोकळे होतात. सेंटर डिफरन्शियलच्या बेअरिंगवर ठरावीक दाब राहावा म्हणून तिथे मोजून निवडलेली शिम (धातूची पातळ चकती) असते, आणि ती त्या विशिष्ट हाउसिंगच्या मापाची असते. शिम जाड पडली तर बेअरिंग तापून लवकर जाते आणि पातळ पडली तर डिफरन्शियल खेळू लागते. हे मोजण्याचे साधन व सवय नसेल तर काम जाणकार मेकॅनिककडे द्यावे. माझ्या मते, चांगल्या स्थितीतील लॉकसह पूर्ण केस मिळाली तर तीच बसवणे अधिक शहाणपणाचे.

जोडणीतही एक बारीक गोष्ट निसटते. इंजिन, गिअरबॉक्स आणि ट्रान्सफर केस हे सगळे रबरी माउंटिंगवर बसलेले असते आणि अॅक्सिलरेटर दाबला की ते बॉडीच्या तुलनेत हलते. कंपनीचा लीव्हर गिअरबॉक्सवरच बसतो, त्यामुळे तो त्यांच्याबरोबरच हलतो. घरगुती जुळणीत मात्र लीव्हर केबिनच्या पत्र्यावर आणि दांडा थेट केसपर्यंत अशी मांडणी केली जाते. मग चढावर जोर लावताच दांडा ताणला जातो आणि लॉक अर्धवट सुटतो. अर्धवट गुंतलेले दाते काही दिवसांत झिजतात. केबल वापरत असल्यास तिच्या बाहेरच्या आवरणाचे टोक ट्रान्सफर केसवरच घट्ट बांधावे, चॅसिसवर नव्हे, आणि केबल एक्झॉस्टपासून दूर न्यावी.

लॉक बसला की नाही हे सांगणारा दिवा अनेकजण अनावश्यक मानून सोडून देतात. लीव्हर कुठे आहे एवढ्यावरून लॉक कुठे आहे हे कळत नाही, कारण दाते समोरासमोर आले नाहीत तर लीव्हर पूर्ण सरकूनही लॉक बसलेला नसतो, आणि शाफ्टमध्ये पीळ अडकला तर लीव्हर परत येऊनही तो सुटलेला नसतो. स्विच बसवताना लॉक टाकून इग्निशन चालू करावे, दिवा लागेपर्यंत स्विच आत फिरवावा, त्यानंतर आणखी अर्धा फेरा देऊन लॉकनट आवळावा. स्विच जास्त आत गेला तर दिवा कायम पेटलेला राहतो, आणि मग मालक लॉक अडकला असे समजून नसता खोलाखोलीचा घाट घालतो.

खात्री करण्याची साधी रीत अशी आहे. उटी लावून, हँडब्रेक ओढून, ट्रान्सफर केस न्यूट्रलमध्ये ठेवून पुढचे फक्त एक चाक उचलावे. लॉक सुटलेला असेल तर ते चाक हाताने फिरते. लॉक बसलेला असेल तर थोडासा खेळ सोडल्यास ते फिरत नाही. दिवा एक सांगत असेल आणि चाक दुसरे, तर चाकावर विश्वास ठेवावा.

वापरातील तक्रारी बहुतांशी कोरड्या डांबरी रस्त्यावर लॉक टाकल्याने उद्भवतात. वळणावर पुढची चाके मागच्यांपेक्षा जास्त अंतर कापतात. तो फरक पचवणारे डिफरन्शियलच बंद केल्याने शाफ्टमध्ये पीळ भरत जातो, स्टिअरिंग जड होते आणि लॉक सुटेनासा होतो. अशा वेळी लीव्हरशी झटापट करू नये. लीव्हर सुटण्याच्या बाजूला ठेवून गाडी सरळ रेषेत काही मीटर मागे घ्यावी, म्हणजे पीळ उतरतो आणि दिवा विझतो. सरळ रस्त्यावरही हेच घडत असेल तर टायर तपासावेत; दोन नवे आणि दोन गुळगुळीत टायर असलेल्या गाडीत पीळ सरळ चालतानाही भरतो. तसेच चाके घसरून गरगर फिरत असताना लॉक टाकणे म्हणजे दाते मोडून घेणे होय. अॅक्सिलरेटर सोडावा, चाके थांबू द्यावीत आणि मगच टाकावा. लॉक आला म्हणून ट्रॅक्शन कंट्रोल बंद करण्याचेही कारण नाही. लॉक पुढच्या-मागच्या अॅक्सलमध्ये ताकद वाटतो, तर ट्रॅक्शन कंट्रोल एकाच अॅक्सलवरील फिरणाऱ्या चाकाला ब्रेक लावतो, त्यामुळे आडव्या खळग्यांत दोन्ही लागतात.

टोयोटाच्या 80 सिरीज लँड क्रूझरची गोष्ट थोडी वेगळी आहे. उत्तर अमेरिकेतील गाड्यांत लॉक होता, पण त्याचे बटण दिलेले नव्हते. लो टाकले की तो आपोआप लागे. लोमध्येही लॉक मोकळा ठेवता यावा म्हणून कंट्रोल युनिटच्या सातव्या पिनची तार तोडण्याची युक्ती प्रसिद्ध आहे. ती तार तोडून बटण बसवायचे राहून गेले, तर लॉक कुठल्याच प्रकारे लागत नाही.

पुन्हा डिस्कव्हरीकडे येताना एक उपयोग सांगायला हवा. या गाडीच्या पुढच्या प्रोपेलर शाफ्टचा जॉइंट निकामी होणे हे तिचे नेहमीचे दुखणे आहे, आणि लॉक नसेल तर शाफ्ट काढल्यावर सगळी ताकद त्या रिकाम्या बाजूला जाऊन गाडी जागेवरच उभी राहते. लॉक टाकला तर ती फक्त मागच्या अॅक्सलवर, डांबरी रस्त्यावरूनही, सावकाश घरी आणता येते, कारण एकच अॅक्सल चालत असल्याने पीळ भरत नाही. उलट मागचा शाफ्ट काढावा लागला, तर लॉक लावलेला असेपर्यंतच हँडब्रेक काम करतो, म्हणून गाडी उभी केल्यावर लीव्हर सोडू नये.