चहाडीला सरपण न घालण्याची रीत
म्हापशाच्या शुक्रवारच्या बाजारात किंवा रविवारच्या मिसेनंतर चर्चच्या आवारात कुणाच्या तरी घरची गोष्ट निघते आणि वेळ हकनाक जातो. बायबलमधील नीतिसूत्रे या पुस्तकाच्या 26व्या अध्यायातील 20वे वचन सांगते की सरपण संपले की आग विझते आणि चहाडखोर नसला की तंटा मिटतो, म्हणून "मग पुढे काय झाले?" असे कधीही विचारू नये, कारण खरे सरपण तोच प्रश्न आहे, उलट "आपण त्यांनाच भेटून विचारू या" असे सौम्यपणे सुचवावे, म्हणजे बहुधा विषय तिथेच थांबतो. न थांबल्यास निरोप घेऊन निघावे. मात्र कुणाला मारहाण होत असल्याचे कानावर आले, तर ती चहाडी समजून गप्प बसू नये. मदत करू शकेल अशा जबाबदार व्यक्तीला ते लगेच कळवावे.