बाणाचा स्पाइन आणि टोकाचं वजन: या चुका टाळा

बाण सातत्याने एकाच बाजूला लागत असतील, तर साइट (धनुष्यावरची नेम धरायची खूण) सरकवण्याआधी दांडीकडे बघा. दांडीचा कडकपणा, म्हणजे स्पाइन, धनुष्याला जुळत नसेल, तर साइटने दोष फक्त झाकला जातो. ब्रॉडहेड, म्हणजे शिकारीचं रुंद पात्यांचं टोक, लावलं की तो दुप्पट होऊन समोर येतो, कारण त्याची पाती पुढच्या टोकाला पंखांसारखी वारा धरतात.

आकडा उलटा वाचणं. कार्बन दांडीवरचा 500, 400 किंवा 340 हा आकडा वाक सांगतो. 28 इंच अंतरावरच्या दोन टेकूंवर दांडी ठेवून मधोमध 880 ग्रॅम वजन टांगतात. अर्धा इंच वाकली तर स्पाइन 500. म्हणजे आकडा लहान, तितकी दांडी कडक. लाकडी बाणांवर मात्र स्पाइन पाउंडात लिहितात आणि तिथे मोठा आकडा कडक. दोन्ही पद्धती एकत्र केल्या की निवड हमखास चुकते.

धनुष्यावर छापलेलं ओढीचं वजन धरून चालणं. रिकर्व्हवरचे (टोकं पुढे वळलेल्या धनुष्यावरचे) 45 पाउंड 28 इंच ओढीला असतात. तुमची ओढ 26 इंच असेल, तर हातात 40 च्या आसपासच येतात. तराजू अडकवून स्वतःच्या पूर्ण ओढीवर मोजा आणि तोच आकडा घेऊन उत्पादकाचा स्पाइन तक्ता बघा.

आधी कापणं, मग टोक ठरवणं. सगळ्यात महाग पडणारी चूक हीच. टोक जड केलं की दांडी मऊ वागते, लांबी कमी केली की कडक. टोक बदलता येतं, कापलेली दांडी परत जोडता येत नाही. म्हणून आधी ब्रॉडहेडचं वजन पक्कं करा, 100 की 125 ग्रेन (बाणाचं वजन मोजायचं छोटं एकक), आणि सरावाचं साधं टोक, म्हणजे फील्ड पॉइंटही तेवढंच ठेवा. पितळी इन्सर्ट (टोक बसवायला दांडीत घालतात तो तुकडा) वापरत असाल, तर त्याचं वजनही पुढच्या वजनातच धरायचं. हे फार जण विसरतात. दांड्या पूर्ण लांबीच्या घ्या आणि चाचणीसाठी फक्त दोनच कापा, तेही एका वेळी पाव इंच.

बिनपिसांच्या बाणाचा अर्थ चुकीचा लावणं. साधारण 15 ते 20 मीटरवरून तीन पिसांचे आणि दोन बिनपिसांचे बाण सोडा. आधी वर-खाली बघा: बिनपिसांचा वर लागला तर दोरीवरचा नॉकिंग पॉइंट (बाण अडकवायची जागा) थोडा वर सरकवा, खाली लागला तर खाली. ते जमलं की मगच डावं-उजवं. उजव्या हाताने, बोटांनी दोरी सोडणाऱ्याचा बिनपिसांचा बाण उजवीकडे गेला तर दांडी मऊ, डावीकडे गेला तर कडक. डावखुऱ्यांसाठी उलट. मऊ असेल तर टोक 25 ग्रेनने हलकं करा, कडक असेल तर तेवढंच जड. एका वेळी एकच बदल, नाहीतर कशामुळे फरक पडला ते कळत नाही.

इथे एक फसवी खूण असते. फारच कडक दांडी धनुष्याच्या बाजूला आपटून उडते आणि मऊ असल्यासारखी उजवीकडे जाते. मग माणूस टोक हलकं करत जातो आणि दांडी अजून कडक वागू लागते. शंका असेल तर बाण टेकतो त्या जागेच्या बाजूच्या प्लेटला लिपस्टिक लावून बाण सोडा. शेपटीकडे डाग उमटला की आपटतोय हे नक्की.

वेगासाठी बाण फार हलका करणं. कंपाउंडसाठी (चाकं असलेल्या धनुष्यासाठी) बहुतेक उत्पादक ओढीच्या प्रत्येक पाउंडाला किमान 5 ग्रेन सांगतात, म्हणजे 50 पाउंडाला 250 ग्रेन. शिकारीसाठी ही निव्वळ खालची मर्यादा आहे. पारंपरिक धनुष्याला पाउंडाला 8 ते 10 ग्रेन ठेवा. याहून हलक्या बाणाने उरलेली ऊर्जा धनुष्याच्या वाकणाऱ्या भुजांवर आणि दोरीवर येते.

पुढचा तोल, म्हणजे तोलबिंदू बाणाच्या मध्यापासून किती पुढे आहे ते प्रमाण, 10 ते 15 टक्क्यांत असला की पुरे. बाण 29 इंचांचा आणि नॉकच्या (दोरीत अडकणाऱ्या मागच्या टोकाच्या) खाचेपासून तोलबिंदू 18 इंचांवर असेल, तर 18 वजा 14.5, भागिले 29, म्हणजे सुमारे 12 टक्के.

ब्रॉडहेड बसवल्यावर बाण टोकावर उभा करून भिरभिरवा. डगमगला तर इन्सर्ट तिरका बसलाय. तो काढताना उष्णता धातूच्या टोकालाच द्या, थेट कार्बनला दिल्यास दांडी आतून कमकुवत होते. आणि कार्बन दांडी प्रत्येक सत्राआधी हलकेच वाकवून, कानाशी धरून तपासा. करकर ऐकू आली तर ती मोडून टाका.