जुनी फियाट ‘टक’ करून गप्प बसते? बॅटरी बदलण्याआधी अर्थिंग तपासा

जुन्या गाडीचा सेल्फ (इंजिन फिरवणारी स्टार्टर मोटर) लागेना की सल्ला ठरलेला : बॅटरी बदला. माझ्या १९८४च्या प्रीमियर पद्मिनीसाठी (हीच आपली ‘फियाट’) मी तो ऐकून दोन बॅटऱ्या घेतल्या, सेल्फ खोलून नवे कार्बन ब्रश टाकले. तरी वाटेत चहाला थांबलो की किल्लीवर नुसता ‘टक’, आणि मग धक्का. दोष निघाला इंजिन आणि बॉडी जोडणाऱ्या वीतभर अर्थिंगच्या पट्टीत.

गाडी न्यूट्रलमध्ये, हँडब्रेक ओढलेला, इंजिन सुरू होऊ नये म्हणून कॉइलला (ठिणगीसाठी वीज देणारा भाग) इग्निशनकडून येणारी वायर काढून टोकाला टेप. किल्ली फिरवायला एक जण आणि साधा डिजिटल मल्टीमीटर.

आधी बॅटरी. रात्रभर उभ्या गाडीत १२.६ व्होल्टच्या आसपास हवेत, १२.४च्या खाली असेल तर आधी चार्ज करा, पुढचं नंतर. टर्मिनल घासून घट्ट करा आणि मग वरून व्हॅसलीन लावा.

आता हेडलाइट लावून सेल्फ मारा. दिवे विझत आले तर बॅटरी किंवा तिचं टर्मिनल. दिवे लख्ख आणि आवाजच नाही, तर सोलेनॉइडला (सेल्फला करंट जोडणारा त्याच्यावरचा स्विच) जाणारी बारीक वायर किंवा इग्निशन स्विच. दिवे फारसे न मंदावता ‘टक’ झालं, तर पुढचं नीट वाचा. मी इथेच फसलो होतो.

पद्मिनीचं इंजिन रबरी माउंटिंगवर बसलेलं असतं आणि रबरातून करंट जात नाही. दिव्यांचं अर्थिंग बॉडीला, सेल्फचं मात्र इंजिनला. त्या दोघांना जोडणारी पट्टी कळकली, तिच्या तारा तुटल्या किंवा तिच्या बोल्टखाली रंग राहिला, की दिवे उत्तम लागतात आणि सेल्फ उपाशी राहतो. माझ्या गाडीचं डेंटिंग-पेंटिंग झालं तेव्हा पट्टीच्या बोल्टखालचा पत्राही रंगवला गेला होता. खूण आधीपासून समोर होती : सेल्फ मारला की चोकची केबल गरम व्हायची. परतीची वाट बंद झालेला करंट त्या बारीक केबलमधून जात होता. तुमची चोक किंवा ॲक्सिलरेटरची केबल तापत असेल तर सेल्फ मारणं तिथेच थांबवा. आग लागू शकते.

मीटर ओहमवर (रोध मोजायच्या खुणेवर) ठेवून पट्टी ‘चेक’ करणारे मिस्त्री मी पाहिलेत. त्यावर अजिबात विसंबू नका. सेल्फ शंभर अँपिअरच्या वर करंट ओढू शकतो. एकच तार शाबूत असलेली पट्टीसुद्धा ओहमवर ठणठणीत दिसते. मोजायचं ते व्होल्टवर, आणि सेल्फ मारत असतानाच.

मीटर डीसी २० व्होल्टवर. एक पिन बॅटरीच्या निगेटिव्ह शिशाच्या खुंटावर (त्यावर आवळलेल्या केबलच्या क्लॅम्पवर नव्हे), दुसरी सेल्फच्या उघड्या धातूवर. सेल्फ मारताना ०.३ व्होल्टच्या आत आकडा हवा. माझ्याकडे ४ आला होता! आकडा मोठा आला तर दुसरी पिन टप्प्याटप्प्याने हलवा : क्लॅम्प, मग बॉडी, मग इंजिन. ज्या टप्प्यावर आकडा एकदम उडी घेतो, तिथला जोड खोला, चकचकीत पत्रा दिसेपर्यंत पॉलिश पेपरने घासा, घट्ट करा. पट्टी जुनी असेल तर सरळ नवी टाका. एका वेळी पाच सेकंदांपेक्षा जास्त सेल्फ मारू नका.

अर्थिंग ठीक निघालं तर तीच तपासणी पॉझिटिव्ह बाजूला : बॅटरीच्या खुंटापासून सोलेनॉइडच्या जाड केबलच्या बोल्टपर्यंत, ०.५च्या आत. मग सोलेनॉइडच्या दोन जाड बोल्टांमध्ये मोजा. सेल्फ न मारता तिथे १२ दिसणारच, घाबरू नका. पण ‘टक’ झाल्यावरही १२च राहिले तर आतले कॉन्टॅक्ट जळलेत.

ते दोन बोल्ट स्क्रू ड्रायव्हरने जोडून सेल्फ फिरवायची युक्ती कोणी शिकवली तर करू नका. गिअर चुकून पडलेला असेल तर गाडी समोरच्याच्या अंगावर जाते.

हे सगळे आकडे बरोबर आले आणि सेल्फ मारताना बॅटरी ९.६च्या वर टिकली, तरच सेल्फ उतरवा. आत ब्रश आणि बुश दोन्ही पाहा. बुश (दांड्याला आधार देणारी कडी) झिजला की आर्मेचर, म्हणजे आतला फिरणारा भाग, घासतं आणि इंजिन गरम असताना अडकतं.