डेक करताय? आधी एक पावसाळा परसात उभे राहा

मामेभाऊ गोव्यात पेडण्याला घरामागे लाकडी डेक (फळ्यांचा उघडा ओटा) करतोय, आणि फोनवर त्याचा पहिला प्रश्न काय तर "पॉलिश कुठलं मारू?" अरे पॉलिश सगळ्यात शेवटी रे. आमचा फोंड्याचा डेक दोन पावसाळ्यांत गेला तो पॉलिशमुळे नाही, खालून गेला. वरून चकचकीत होता अगदी, आणि चवथीच्या आदल्या दिवशी वहिनी माटोळीचं (गणपतीच्या डोक्यावर टांगायच्या फळाफुलांच्या छताचं) सामान घेऊन आली ती फळीतून घोट्यापर्यंत आत. तर त्याला जे सांगितलं ते सगळं एका जागी लिहून ठेवतोय.

आधी पाणी बघायचं. गोव्यात वर्षाला साधारण ३००० मिलिमीटर पाऊस, बहुतेक सगळा जून ते सप्टेंबरमध्ये, म्हणून जुलैत छत्री घेऊन परसात जायचं, पागोळ्या कुठे पडतात, तळं कुठे होतं, कुठला कोपरा पाऊस थांबला तरी दोन-दोन दिवस ओलाच राहतो ते बघायचं आणि फोटो काढून ठेवायचे, कारण जानेवारीत सगळं कोरडं ठाक असतं आणि काही आठवत नाही. पागोळ्यांच्या रेषेत डेक येत असेल तर आधी पन्हळ, मग डेक. डोक्यावर माड असेल तर ती जागाच सोडा.

लाकूड पाऊस गेल्यावर घ्या, काम जानेवारी-फेब्रुवारीत. साग परवडला तर साग, पण गाभ्याचा, कडेचं पांढरं लाकूड स्वस्तात गळ्यात मारतात ते नको, वाळवी आधी तेच खाते. खालच्या वाशांना, म्हणजे फळ्या ज्यावर बसतात त्या आडव्या लाकडांना, किंदळ किंवा मट्टी चालते (मट्टी म्हणजे आपला ऐन). फणसही चांगला, पण घरचा फणस तोडू म्हणत असाल तर थांबा, १९८४ चा झाडं जपण्याचा कायदा आहे, झाड स्वतःच्या परसात असलं तरी वनखात्याची परवानगी लागते. ओलावा मोजायचं छोटं मीटर मिळतं ते घेऊनच सॉ मिलमध्ये जा, १८ टक्क्यांच्या वर आकडा दिसला तर ते लाकूड आणून शेडमध्ये मध्ये पट्ट्या घालून रचून ठेवा, घाई नको. आणि फळी चार इंच रुंदीचीच घ्या, आठ इंची दिसायला झकास पण उन्हापावसात वाटीसारखी वाकते.

आता आमची चूक. मेस्ताने (सुताराने) मे महिन्यात फळ्या एकमेकींना घट्ट चिकटवून बसवल्या, मध्ये फट ठेवा म्हटलं तर म्हणे घाण दिसते, आणि साधे लोखंडी खिळे. जूनमध्ये लाकूड फुगलं, फुगायला जागा नाही, मग मधल्या फळ्या उचलल्या आणि खिळे वर आले. प्रत्येक खिळ्याभोवती काजळ लावल्यासारखं काळं वर्तुळ, ते लोखंड आणि लाकडातल्या टॅनिन नावाच्या तुरट द्रव्याचं. म्हणून स्टेनलेसचे स्क्रूच घ्यायचे, समुद्राजवळ ३१६ ग्रेड, आतल्या गावांत ३०४ चालतं, आणि कठीण लाकडात आधी ड्रिलने भोक पाडून. फळ्यांत पाच-सहा मिलिमीटर फट. एक इंच जाडीच्या फळीला खालच्या दोन वाशांत सोळा इंचांपेक्षा जास्त अंतर नको. चार फुटांना अर्धा इंच उतार, तोही घरापासून बाहेर.

खांब मातीत पुरायचे नाहीत, कितीही डांबर फासलं तरी नाही. काँक्रीटचे ठोकळे जमिनीच्या वर सहा इंच आणून त्यावर लोखंडी पट्टीत खांब, म्हणजे वाळवी चढलीच तर तिच्या मातीच्या नळ्या बाहेरून दिसतात. डेक घराच्या चिऱ्याच्या भिंतीला ठोकू नका, बोटभर अंतर सोडून स्वतंत्र उभा करा. खाली वारा खेळला पाहिजे, कडेने जाळी मारा, फळकुट नको. फळी कापली की उघड्या टोकाला तिथल्या तिथे तेल, पाणी आधी टोकातूनच चढतं.

हां, आता पॉलिश. वार्निश नको, उन्हाने पापुद्रा तडकतो आणि पाणी खाली अडकतं. डेकिंग ऑइल बरं. काजूच्या टरफलाचं तेल आपल्याकडे होड्यांना लावायचे ते खालच्या वाशांना लावता येतं, पण हातमोजे घाला, कातडी सोलते. दर एप्रिलला फळीवर पाणी शिंपडायचं, थेंब उभे राहिले तर ठीक, जिरले तर तेलाचा हात. शेवाळ ब्रशनेच काढा, प्रेशर वॉशरने तंतू उभे राहतात. कुंड्या पायांवर ठेवा, पायपुसणी मेअखेर उचला, आणि अख्ख्या डेकवर ताडपत्री अंथरू नका, आतल्या आत कुजतो.

जुना डेक दुरुस्त करताना टॉर्च घेऊन आधी खाली शिरा. स्क्रूड्रायव्हर वाशात टोचायचा, टणक लागला तर वासा ठेवा. आमच्याकडे तो मुठीपर्यंत गेला, लोण्यात गेल्यासारखा, आणि ओल्या मशरूमचा वास आला. वासे चांगले असतील तर फळ्या उलटून रंधा मारला की बऱ्याचदा पुन्हा चालतात, आमच्या निम्म्या चालल्या. वाशांच्या माथ्यावर डांबरी टेप मात्र लावून घ्या.

आणि तेल पुसलेली फडकी गोळा करून कोपऱ्यात टाकू नका, जवसाचं तेल असेल तर ती आपोआप तापून पेट घेतात. बादलीभर पाण्यात बुडवायची, नाहीतर दोरीवर सुटी सुटी वाळत घालायची.